तर्री वर येते, गाळ खाली बसतो

(खानावळी चालवणाऱ्या आणि डबे पुरवणाऱ्या महिला गटांच्या यवतमाळ येथील शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सकाळपासून आपण कर्जाबद्दल बोललो, हप्त्यांबद्दल बोललो, डब्याचा भाव किती ठेवायचा यावर तर चांगलं भांडणही झालं. आता जेवणाची वेळ होत आली आहे आणि मला बोलायचं आहे नालीबद्दल. मी म्हटलं होतं, माझं जेवणानंतर ठेवा. तर उत्तर मिळालं, जेवणानंतर सगळ्या पेंगतात. तेव्हा नाकाला पदर लावायचा असेल तर लावा, पण ऐका.

आमची खानावळ यवतमाळ शहरात आहे. बचत गटातल्या आम्ही अकरा जणींनी 2016 साली ती सुरू केली. पहिल्या महिन्यात वीस डबे होते. मग बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं आली, दवाखान्यात पेशंटजवळ बसलेली माणसं आली, एकाचं ऐकून दुसरा आला. दोन वर्षांत सकाळी एकशेवीस आणि संध्याकाळी शंभर ताटं व्हायला लागली. रोजचं वरण-भात, पोळी, भाजी, ठेचा आणि बुधवारी, रविवारी पाटोडीचा रस्सा. आपल्याकडे रस्सा म्हटला की वर तर्री पाहिजेच. ती कमी दिसली तर मुलं विचारतात, "काकू, तेल महाग झालं काय?" त्यामुळे हात आखडता येत नाही. महिन्याला पंधरा किलोचे सात-आठ डबे तेल आम्हांला लागतं.

हे सगळं तेल खाणाऱ्याच्या पोटात जातं असं आम्ही धरून चाललो होतो. पण कढईला लागलेलं, ताटात उरलेलं, पातेल्याच्या काठाला चिकटलेलं तेल कुठं जातं? ते गरम पाण्यानं आणि साबणानं धुऊन नालीत जातं. नालीत गेलं की दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे संपलं, असं आपण समजतो. बाईच्या घरकामाबद्दल घरातली माणसं असंच समजतात ना? घासलेलं भांडं दिसतं, घासणारी दिसत नाही. त्या समजुतीवर आपण इतकी वर्षं भांडलो. आणि आमच्याच मोरीच्या पलीकडे काय होतं, हे आम्ही दोन वर्षं पाहिलं नाही.

त्या पावसाळ्यात काय झालं

2018 चा उन्हाळा इथल्या बायका विसरणार नाहीत. यवतमाळला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली होती. नळाला कित्येक दिवस पाणी नसायचं. टँकर आला की निम्मा गट भांडी घेऊन रांगेत आणि निम्मा गट चुलीवर. खानावळ आम्ही बंद ठेवली नाही. भांडी एकाच टोपातल्या पाण्यात घासायची, त्याच पाण्यात दुसरा घाणा काढायचा, असं करून चार महिने ढकलले. नालीत पाणी कमी आणि तेल तेवढंच. त्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला नाही.

जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचा चेंबर उलटला. घाण पाणी शेजारच्या दोन घरांच्या अंगणात शिरलं. शेजारीण ओरडत आली, तिचं बरोबरच होतं. आमच्या जागेच्या मालकांनी कुणाला तरी फोन केला आणि तासाभरात सफाई कामगारांच्या वस्तीतली दोन तरुण मुलं आली. हातमोजे नाहीत, दोर नाही, तोंडावर फडकं तेवढं. एक जण आत उतरला. आम्ही आत पोळ्या लाटत होतो, कारण बारा वाजता डबे निघायचे होते.

त्यानं वर काढून ठेवलेले गोळे मी पाहिले. पांढरट, साबणाच्या वडीसारखे, काही नारळाएवढे. मग वरचा मुलगा हाका मारायला लागला आणि आतून उत्तर येईना. डबे पोचवणारा आमचा रिक्षावाला आणि शेजारचे दोघे धावले, साडीचा दोर केला आणि त्याला कसाबसा ओढून काढला. दोन दिवस तो दवाखान्यात होता. वाचला.

आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी रोजावर येत. गटात त्या नव्हत्या. हा मुलगा त्यांच्या बहिणीचा. तिसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या, सगळी भांडी घासली, पालथी घातली, हात पुसले आणि म्हणाल्या, "तर्री तुमी वाढता, पैसे तुमी मोजता, अन् नालीत उतरते आमचं पोट्टं. हे कोन्तं बायांचं राज्य व बाई?"

त्या रात्री गटाची बैठक झाली. एक म्हणाली, त्याला आपण कुठं बोलावलं, मालकांनी बोलावलं. दुसरी म्हणाली, नाली काढणं आपलं काम नाही. तिसरी म्हणाली, त्याला पैसे मिळतातच की. अध्यक्ष मी होते. मी म्हटलं, त्याच्या औषधपाण्याचा खर्च आपण देऊ. खर्च दिलाही. पण मावशींनी खर्च मागितला नव्हता, प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

कायदा काय म्हणतो

कायद्याचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीला आम्ही बोलावलं. तिनं सांगितलं ते तुम्हीही लिहून घ्या. हातानं मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा 1993 सालचा. तो कोरड्या संडासांपुरता होता. 2013 चा नवा कायदा 6 डिसेंबर 2013 पासून लागू झाला आणि त्यात गटार आणि सेप्टिक टँकही आले. संरक्षणाची साधनं न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवून सफाई करून घेणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात ठेकेदार, अधिकारी एवढेच येत नाहीत, काम करून घेणारी कोणतीही व्यक्ती येते. म्हणजे घरमालक येतो आणि खानावळ चालवणारा गटही येऊ शकतो.

27 मार्च 2014 रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येक माणसाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असं त्यात म्हटलं. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ही रक्कम तीस लाख झाली. रक्कम वाढवावी लागली, यातच सगळं आलं. कायदा झाला तरी माणसं आत उतरतच होती आणि मरतच होती.

मैत्रीण जाताना म्हणाली, "कायदा तुम्हांला सांगेल की माणूस उतरवू नका. पण उतरवायची वेळच का येते, ते तुमच्या मोरीत शोधा." तिथून आम्ही तेलाच्या टाकीपर्यंत आलो. इंग्रजीत तिला ग्रीज ट्रॅप म्हणतात. आमच्यात तिला तेलाची टाकीच म्हणतात.

टाकी म्हणजे काय

तुम्ही रात्रीचा रस्सा झाकून ठेवता. सकाळी झाकण काढलं की काय दिसतं? तर्री वर, मसाल्याचा गाळ तळाशी, आणि मध्ये पाणी. डावानं वरची तर्री अलगद काढता येते. तेलाची टाकी म्हणजे हेच पातेलं, जमिनीत पुरलेलं. मोरीतलं पाणी नालीत जाण्याआधी या पातेल्यात थांबतं. थांबलं की निवतं. तेल वर येतं, शितं आणि गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी पुढं जातं. यात यंत्र नाही, वीज नाही, औषध नाही. लागतो तो फक्त वेळ.

हे केलं नाही तर काय होतं? गरम पाण्याबरोबर तेल पातळ होऊन नालीत जातं, पुढं थंड झालं की कडांना चिकटतं. त्यात पाणी जड असेल तर आणखी वाईट. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यातला चुना तेलाशी मिळून साबणासारखा घट्ट खडा होतो. ते पांढरे गोळे त्याचेच होते. ही फक्त आपली अडचण आहे असं समजू नका. 2017 साली लंडनच्या गटारात असाच एक गोळा सापडला, अडीचशे मीटर लांब आणि एकशेतीस टन वजनाचा. तो काढायला आठवडे लागले. नंतर त्याचा तुकडा तिथल्या संग्रहालयात ठेवला होता. आपल्याकडे तो तुकडा कुणाच्या तरी घमेल्यात असतो.

बांधताना आम्ही काय चुकलो

आता माप सांगते. आधी पाणी मोजा. आम्ही आठवडाभर बादल्या मोजल्या. दुपारी जेवणं उरकल्यावर ज्या एका तासात सगळ्यात जास्त भांडी निघतात, त्या तासात सहाशे लिटरपर्यंत पाणी जात होतं. पाण्याला टाकीत निदान अर्धा तास थांबायला मिळालं पाहिजे. म्हणजे तीनशे लिटर जागा पाण्याला, आणि वरचं तेल व खालचा गाळ यांना वेगळी जागा. आम्ही टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि पाणी अडीच फूट खोल राहील अशी धरली. ती साधारण साडेपाचशे लिटरची होते. पाण्याच्या वर नऊ इंच मोकळी जागा. तुमची ताटं निम्मी असतील तर टाकीही लहान चालेल, पण पाणी मोजल्याशिवाय गवंड्याला बोलावू नका.

गवंडी आला. आम्ही फरशीवर खडूनं नकाशा काढून दाखवला. तो हसला. "इंजिनेर कोन हाय इथं?" त्यानं पाणी येण्याचं आणि जाण्याचं भोक समोरासमोर, एकाच पातळीवर ठेवलं. म्हणाला, पाणी सरळ निघून जाईल, बाई, तुंबणार नाही. आम्ही दोन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा गप्प बसलो. घरातली सवय. दहा दिवसांनी झाकण उघडलं तर टाकी स्वच्छ आणि पुढची नाली पांढरी. तेल वरच्या वर तरंगत या भोकातून आलं आणि त्या भोकातून गेलं. बरोबरच आहे, त्याला अडवणारं कुणी नव्हतंच.

पैसे वाया गेले, फोडून पुन्हा बांधली. या वेळी आम्ही पाटावर बसून देखरेख केली. ज्या गोष्टी पाहायच्या त्या अशा:

येणाऱ्या पाण्याचं तोंड जाणाऱ्या पाण्याच्या तोंडापेक्षा तीन इंच वर हवं. दोन्ही तोंडांना चार इंची पाइपचा टी बसवायचा, वरून उघडा. येणारा टी पाण्यात सात-आठ इंच बुडलेला, म्हणजे पाणी धबधब्यासारखं पडून तेल ढवळत नाही. जाणारा टी खोलवर, तळापासून दहा इंचांवर, म्हणजे तो वरचं तेलही ओढत नाही आणि तळाचा गाळही ओढत नाही. मध्ये एक आडवी भिंत. पहिला कप्पा दोन भाग, दुसरा एक भाग. या भिंतीला खालून दहा-बारा इंचांवर एक फट, पाणी तिथून पलीकडे जातं. आतून सिमेंटचा घोटीव गिलावा, कोपरे गोल. हवा जायला एक उभा पाइप, तोंडाला जाळी.

संडास-न्हाणीचं पाणी या टाकीत कधीही जोडायचं नाही. फक्त स्वयंपाकाच्या मोरीचं.

आणि आपली जमीन विसरू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर सरळ वीट रचली तर पुढच्या मे महिन्यात टाकीला चीर जाते. खड्डा थोडा जास्त खोदून खाली मुरूम ठोकून घ्या, त्यावर काँक्रीटचा थर, आणि बाजूंनाही मुरूम भरा. बांधून झाली, पाणी मारून पक्की झाली की टाकी काठोकाठ भरा, कोळशानं खूण करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर गवंड्याचे पैसे थांबवा. वापर सुरू करताना टाकी आधी साध्या पाण्यानं भरलेली हवी, रिकाम्या टाकीत तेल अडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी. गवंडी म्हणाला, वर दगडी फरशी टाकू, वीस वर्षं पाहायला नको. ती फरशी उचलायला दोन पुरुष लागले असते. म्हणजे आम्ही ती कधीच उघडली नसती आणि वेळ आली की पुन्हा कुणाला तरी बोलावलं असतं. आम्ही लोखंडी पत्र्याची दोन झाकणं करून घेतली, मुठीची, एकटीला उचलता येतील अशी. लहान मुलं पडू नयेत म्हणून त्यांना कडी-कुलूप आहे. आणि दुसरी गोष्ट खोलीची. वर उभं राहून लांब दांड्याच्या झाऱ्यानं तळ गाठता आला पाहिजे, इतकीच खोल. मोठी खानावळ असेल तर टाकी लांब करा, पण खोल करू नका. ज्या टाकीत उतरावं लागतं ती टाकी आपल्याला नको.

काढायची कुणी

पंधरा दिवसांनी टाकी भरली आणि तेव्हा खरी बैठक झाली.

हिशेब सोपा आहे. वरचं तेल आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या एक चतुर्थांश झाले की टाकी काढायचीच. आमच्या तीस इंचांत ते साडेसात इंच होतात. काठी बुडवून पाहायचं. त्याहून जास्त झालं की तेल पुढं पळायला लागतं. आम्ही काठीची वाट पाहत नाही. दर सोमवारी वरचं तेल काढतो, महिन्यातून एकदा तळाचा गाळ. झाकण उघडलं की पंधरा मिनिटं लांब उभं राहायचं. आतल्या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो फार साठला तर नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. वाकून डोकं आत घालायचं नाही, जवळ विडी-काडी नाही, कायम दोघी मिळून. कोपरापर्यंत रबरी हातमोजे. तेल घमेल्यात घेऊन त्यात लाकडाचा भुसा मिसळायचा, म्हणजे ते कोरडं होतं आणि कचऱ्याच्या गाडीत देता येतं. गॅस प्लांटवाल्या बहिणींनी शेणाबरोबर थोडं थोडं घालून पाहावं, जास्त घातलं तर प्लांट बसतो.

हे सगळं सांगायला दहा मिनिटं लागली. "कोण काढणार" यावर तीन बैठका गेल्या.

पहिली सूचना आली की मावशींना वेगळे पैसे देऊ, त्या काढतील. मी मावशींकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, भांडी घासत राहिल्या. मग आमच्यातलीच सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "म्हणजे आधी त्यांचं पोट्टं उतरत होतं, आता त्या वाकतील. मग टाकी कायले बांधली?"

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. 1972 साली महागाईविरुद्ध मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. चुलीजवळचं कामही काम आहे, त्याला दाम आहे, हे त्यांनी दाखवलं आणि आज आपण त्याच वाटेनं चाललो आहोत. पण चुलीपासून मोरीपर्यंत चार पावलं आहेत. त्या चार पावलांत जात उभी असते. चुलीजवळ कोण आणि मोरीजवळ कोण, हे आमच्याही खानावळीत ठरलेलं होतं. कुणी ठरवलं असं नाही. म्हणूनच ते दिसत नव्हतं.

गाडगेबाबा आपल्याच भागातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात गेले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि मग कीर्तन. 1956 साली ते गेले. आमच्या खानावळीत त्यांचा फोटो होता, हारासकट. त्या बैठकीत कुणीतरी फोटोकडे बोट दाखवलं आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी पाळी ठरली. अकरा जणी, दर सोमवारी दोघी, अध्यक्षही. पहिली पाळी माझी होती. मला दोनदा उलटी झाली हे प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या महिन्यात दोघी गट सोडून गेल्या. एकीच्या सासरी कळलं होतं, "आमच्या घरची सून गटाराला हात लावते," म्हणून तिला बंदी झाली. दुसरीनं कारण सांगितलं नाही. त्या दोघी चांगला स्वयंपाक करायच्या. त्यांच्या जाण्यानं नुकसान झालं आणि वाईटही वाटलं. पण पाळी मोडली नाही.

मावशींची मजुरी आम्ही वाढवली आणि त्यांना गटात या म्हटलं. त्या लगेच आल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी वर्षभर पायतो." वर्षभर पाहून 2019 च्या दिवाळीनंतर त्या गटात आल्या. आज पोळ्यांच्या ओट्यावर त्यांचीही पाळी असते. मावशी पोळ्या लाटायला लागल्यावर चार गिऱ्हाइकं गेली. काय कारण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दोन महिन्यांत दुसरी सहा आली.

टाकीच्या आधीची टाकी

थोडक्यात आणखी काही सांगते. टाकीत तेल कमी जावं म्हणून भांडं धुण्याआधी पुसा. शिळ्या पोळीच्या तुकड्यानं, जुन्या वर्तमानपत्रानं, भुशानं, कशानंही. कढई कोरडी पुसली की पाणीही कमी लागतं, आणि आपल्या जिल्ह्यात हा काही छोटा फायदा नाही. मोरीच्या तोंडाला जाळीची टोपली ठेवा, शितं तिथंच अडतात.

तळणाचं तेल कधीच मोरीत ओतू नका, टाकीतही नको. त्याचा वेगळा डबा करा. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यातले घातक घटक 25 टक्क्यांच्या वर गेले तर ते खाण्यासाठी वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. असं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणारे आहेत, त्यांना द्या आणि पावती घ्या. टाकीतून काढलेलं तेल मात्र कुणी कितीही भाव देऊ केला तरी विकायचं नाही. चीनमध्ये नालीतलं तेल उकळून, गाळून पुन्हा खाण्याचं म्हणून विकणाऱ्या टोळ्या 2011 साली पकडल्या गेल्या होत्या. आपल्या हातून गेलेलं तेल कुणाच्या ताटात येईल सांगता येत नाही.

टाकीतलं तेल विरघळावं म्हणून उकळतं पाणी, कास्टिक, ॲसिड ओतणाऱ्या बहिणी मला भेटल्या आहेत. त्यानं टाकी मोकळी दिसते, कारण तेल पातळ होऊन पुढं जातं आणि पुढच्या चेंबरमध्ये गोठतं. आपली मोरी साफ आणि दुसऱ्याचा चेंबर बंद. ही जुनीच पद्धत झाली.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या, गावात जिथं नालीच नाही अशा बहिणींसाठी. तुम्ही पाणी शोषखड्ड्यात सोडता. काळी माती आधीच पाणी हळू पिते. त्यात तेल गेलं की तिची तोंडं बंद होतात आणि खड्डा वर्षभरात भरून वाहायला लागतो, मग त्यावर डास. खड्ड्याच्या आधी लहानशी तेलाची टाकी करा, हीच रीत, माप लहान.

आणि भाड्याच्या जागेत असाल तर टाकीचा खर्च कुणाचा, ते भाडेकरारात लिहून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं. पूर्ण खर्च आमच्यावर पडला, दोनदा. मालक निम्मे द्यायला तयार झाले ते टाकी झाल्यावर दोन वर्षांनी, गल्लीत पाणी तुंबणं थांबलेलं पाहून.

अजून राहिलेलं

आता कुणी टाळ्या वाजवू नका, कारण गोष्ट संपलेली नाही. आमच्या गल्लीत आणखी तीन हॉटेलं आहेत, त्यांच्याकडे टाकी नाही. आमच्या मोरीतून तेल जात नाही, त्यांच्यातून जातं. कोपऱ्यावरचा चेंबर पहिल्यासारखा महिन्याला तुंबत नाही, पण वर्षातून एकदा तुंबतो. आम्ही गल्लीतल्या बायकांच्या सह्यांचं निवेदन दिलं आहे की चेंबर मशीननंच काढावा आणि खाणावळ-हॉटेलांना तेलाची टाकी सक्तीची करावी. गेल्या खेपेला मशीन आलं. त्याच्या आधीच्या खेपेला माणूस आला होता, तेव्हा आम्ही सात जणी झाकणावर उभ्या राहिलो आणि त्याला उतरू दिलं नाही. तो आमच्यावरच चिडला. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडत होती. मग ती आम्ही दिली. पुढच्या वेळी कोण देणार, ते आम्हांला माहीत नाही.

मावशींच्या बहिणीच्या त्या मुलाला अजून बोलावणी येतात. तो जात नाही. त्याचा मोठा भाऊ जातो.

म्हणून मी हा विषय घेऊन आले. बारा-पंधरा खानावळींच्या बायका इथं बसल्या आहेत. प्रत्येकीनं परत गेल्यावर आठवडाभर बादल्या मोजाव्यात आणि मोरीच्या पुढची नाली कुठं जाते, ती चालत जाऊन शेवटपर्यंत पाहावी. टाकी बांधायची असेल तर आमची येऊन बघा, सोमवारी या, म्हणजे काढताना दिसेल. हातमोज्यांचे दोन जोड जास्तीचे ठेवले आहेत.

जेवण तयार आहे असा निरोप आला आहे. आज पाटोडीचा रस्सा आहे आणि मागच्या मोरीला टाकी नाही, मी सकाळीच पाहून आले. तेव्हा ताट उचलण्याआधी पोळीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून घ्या.